छपरावर पडणारं ऊन कुणाच्या मालकीचं?

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल शहरात एका दांपत्याने 1997 ते 1999 या काळात परसात रेडवुडची आठ झाडं लावली. 2001 साली शेजाऱ्याने घरावर सौर पॅनेल बसवले. रेडवुड भराभर वाढतो. काही वर्षांतच सावली पॅनेलपर्यंत पोचली आणि शेजाऱ्यांचं भांडण थेट फौजदारी कोर्टात गेलं. सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळेत शेजारच्या पॅनेलचा 10 टक्क्यांहून जास्त भाग झाडाने झाकला तर तो गुन्हा, असा त्या राज्यात 1978 पासून कायदा होता. डिसेंबर 2007 मध्ये दांपत्य दोषी ठरलं. या निकालावर इतकी चर्चा झाली की 2008 मध्ये कायदाच बदलला. पॅनेलच्या आधी लावलेल्या झाडांना त्याने अभय दिलं आणि फौजदारी तरतूद काढून टाकली.

आपल्याकडे घरगुती सौरऊर्जेच्या नियमांची चर्चा अनुदान आणि नेट मीटरपाशी संपते. त्या आघाडीवर गोष्टी खरोखर सोप्या झाल्या आहेत. 2024 च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला 78,000 रुपये मिळतात. 10 किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीत अडकावं लागत नाही. एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट सावलीमुक्त गच्ची लागते, हे कुठलाही विक्रेता पहिल्याच भेटीत सांगतो. पण ही गच्ची पुढची 25 वर्षं सावलीमुक्त राहील याची हमी कुणी द्यायची? विक्रेता देत नाही, वीज कंपनी देत नाही आणि महापालिकाही देत नाही.

सावली थोडीशीच असली तर काय बिघडतं, असं वाटणं साहजिक आहे. पण पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. एका सेलवर सावली आली की त्याचा प्रवाह घटतो आणि तो बाकीच्यांनाही अडवतो. म्हणून पॅनेलमध्ये बायपास डायोड असतात; ते झाकलेला गट वगळून प्रवाहाला वाट देतात, पण त्या गटाची वीज गेलीच. सावली कोपऱ्यापुरती असली तरी नुकसान तिच्या आकारापेक्षा मोठं होतं. प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर लावला तर एकाचा फटका दुसऱ्याला बसत नाही, खर्च मात्र वाढतो. शिवाय समोर इमारतच उभी राहिली तर मायक्रोइन्व्हर्टर ऊन कुठून आणणार?

इमारती तर उभ्या राहतच आहेत. पुण्यात कोथरूड-एरंडवण्याच्या जुन्या तीन मजली सोसायट्या पुनर्विकासात उंच मनोरे होत आहेत. हिशोब साधा आहे. 22 डिसेंबरच्या सुमारास पुण्यात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर असतो. त्या वेळी 40 मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेकडे सुमारे 36 मीटर पसरते. माध्यान्हीच्या दोन तास आधी ती जवळपास 50 मीटर असते. म्हणजे दक्षिणेकडच्या प्लॉटवर मनोरा आला की उत्तरेकडच्या बैठ्या घराचे पॅनेल हिवाळ्यात भर दुपारी अंधारात जातात. पावसाळ्याचे ढग आधीच उत्पादन खातात, त्यात निरभ्र आभाळाचे हे महिनेही हातचे जातात.

कायद्याने या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी दिली आहेत. मायामी बीचवर एका हॉटेलच्या चौदा मजली वाढीव बांधकामाची सावली शेजारच्या हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर पडत होती. 1959 साली फ्लोरिडाच्या न्यायालयाने सांगितलं की शेजाऱ्याला उन्हावर हक्कच नाही. 1982 मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने, सौरऊर्जेवर तापणाऱ्या एका घराच्या खटल्यात, शेजाऱ्याने अवाजवीपणे ऊन अडवणं हा उपद्रव ठरू शकतो असं मान्य केलं. कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराचा मार्ग मला सर्वात शहाणपणाचा वाटतो. तिथे बैठ्या वस्तीत प्लॉटच्या हद्दीवर 12 फूट उंचीचं काल्पनिक कुंपण धरलं जातं. 21 डिसेंबरला सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळेत त्या कुंपणाची जेवढी सावली पडेल, त्याहून जास्त सावली नव्या बांधकामाने शेजाऱ्यावर पाडायची नाही. दाट वस्तीत हेच कुंपण 25 फुटांचं. नियम आकड्यात असल्याने वाद कागदावरच मिटतो.

भारतात 1882 चा सुखाधिकार कायदा आहे. इमारतीला मिळणारा उजेड 20 वर्षं विनाअडथळा उपभोगला तर त्यावर हक्क तयार होतो. हा विचार घडला तो खिडक्यांच्या उजेडासाठी. छपरावरच्या वीजनिर्मितीची कल्पनाही तेव्हा कुणी केली नव्हती. तो पॅनेलला लागू धरला तरी संरक्षण मिळेपर्यंत पॅनेलचं बहुतेक आयुष्य सरलेलं असेल.

उंचीची परवानगी देताना शेजारच्या नोंदणीकृत पॅनेलचा विचार व्हायला हवा. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, कारण नेट मीटर असलेल्या प्रत्येक छपराची नोंद वीज कंपनीकडे आधीच आहे. ती माहिती महापालिकेच्या बांधकाम विभागाने मागवायची आणि विकासकाकडून डिसेंबरच्या सावलीचा नकाशा घ्यायचा. पुनर्विकास थांबवा असं मी म्हणत नाही. शहराला घरं हवीतच. पण ज्याचं ऊन जाणार त्याला आधी कळावं आणि नुकसान मोजून मिळावं, एवढं न्याय्य आहे. सरकारी अनुदान देऊन बसवलेला संच दुसऱ्या सरकारी परवानगीने निकामी होत असेल, तर त्यात जनतेचाही पैसा बुडतो.

तोवर स्वतंत्र घरमालकांसाठी एक वाट खुली आहे. शेजाऱ्याशी लेखी करार करून सुखाधिकार मिळवता येतो आणि दस्त नोंदवता येतो, म्हणजे प्लॉट विकला गेला तरी नव्या मालकाला तो दिसतो. करारात "ऊन अडवणार नाही" असं मोघम लिहून चालणार नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अशा करारात मोजता येणारं वर्णन मागितलं आहे: कुठल्या कोनाच्या वर काही उभं राहणार नाही, किंवा कुठल्या तारखांना कुठल्या तासांत ऊन मोकळं राहील. आपल्या करारातही तसेच अंश, तारखा आणि वेळा लिहाव्यात आणि छपराचा मोजणी केलेला नकाशा सोबत जोडावा.