पिल्लाचं गोचिडाचं औषध: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

पावसाळ्यात पिल्लाच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड दिसलं की घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो. त्यातले काही सल्ले गोचिडापेक्षा महागात पडतात.

गैरसमज : मोठ्या कुत्र्याचं औषध थोडं कमी घातलं की पिल्लाला चालतं.
वस्तुस्थिती : मात्रा वजनावर ठरते, पण वयाची अटही असते. पिल्लाचं यकृत आणि मूत्रपिंडं पूर्ण तयार नसल्याने औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळू शकतं. मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब साधारण 8 आठवड्यांनंतरच वापरतात. अफॉक्सोलानरच्या चघळायच्या गोळीला 8 आठवडे वयाबरोबरच सुमारे 2 किलो वजनाचीही अट आहे. मोठ्या कुत्र्याच्या गोळीचा तुकडा मोडून दिला तर नेमकी मात्रा कळत नाही.

गैरसमज : गोठ्यातलं औषध पाण्यात कालवून लावलं की झालं.
वस्तुस्थिती : इथेच सर्वाधिक घात होतो. जनावरांवर वापरतात ते अमिट्राझ 4 महिन्यांखालच्या पिल्लांना वापरू नये. ते अंगावरून चाटलं गेलं किंवा दाट झालं, तर पिल्लू सुस्त पडतं, नाडी मंदावते, रक्तातली साखर वाढते. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही परस्पर टोचून घेऊ नये. कोलीसारख्या काही जातींत एका जनुकातल्या दोषामुळे ते मेंदूत शिरतं आणि पिल्लू बेशुद्ध होऊ शकतं.

गैरसमज : चघळायच्या गोळीने फिट येतातच.
वस्तुस्थिती : अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, 2018 मध्ये अफॉक्सोलानर ज्यात मोडतं त्या आयसोक्साझोलिन गटाबद्दल सावध केलं होतं : काही जनावरांत स्नायू थरथरणं, तोल जाणं, झटके येणं दिसलं. मात्र त्याच सूचनेत बहुतेक कुत्र्यांसाठी ही औषधं सुरक्षित असल्याचंही म्हटलं होतं. उलटी, जुलाब, भूक मंदावणं हे त्रास जास्त दिसतात. पिल्लाला आधी कधी फिट आली असेल, तर ते डॉक्टरांना गोळी देण्यापूर्वीच सांगावं.

गैरसमज : घरगुती उपाय निरुपद्रवी असतात.
वस्तुस्थिती : लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. रॉकेलने कातडी भाजते. चिकटलेलं गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावं.

गैरसमज : एवढे धोके आहेत, तर औषध न दिलेलंच बरं.
वस्तुस्थिती : भरपूर पिसवांनी रक्त शोषलं तर लहान पिल्लाला जीवघेणा पंडुरोग होऊ शकतो. गोचिडांमुळे आपल्याकडे एर्लिकिओसिस आणि बबेसिओसिस हे आजार पसरतात. शिवाय पिसवांची अंडी आणि अळ्या अंगावर कमी, अंथरुणात आणि फरशीच्या फटींत जास्त असतात. म्हणून अंथरूण गरम पाण्याने धुणं हाही उपचाराचाच भाग आहे.

औषध लावल्यावर लाळ गळणं, थरथर, लटपटणं किंवा गळून जाणं दिसलं, तर अंगावरचं औषध कोमट पाण्याने आणि सौम्य शॅम्पूने धुवा. पोटात गेलं असेल तर स्वतःहून उलटी करवू नका. वेष्टन सोबत घेऊन लगेच पशुवैद्य गाठा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं औषध आणूच नका, मांजराला ते विषच आहे. आणि कुठलंही औषध विकत घेण्याआधी पिल्लाचं वजन करून घ्या.