मिरचीची पथारी आणि पिंपातला मासा

दिवाळी सरली की नंदुरबारच्या वेशीबाहेर जमीन लाल होते. बाजार समितीत आलेली ओली मिरची व्यापारी पथारीवर पसरतात, आणि शेजारून नुसतं मोटारसायकलवर गेलं तरी ठसका लागतो. ओल्या मिरचीत तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. ते काढायचं काम इथलं ऊन फुकटात करतं. अवकाळीची सर आली की मात्र ताडपत्र्या घेऊन पळापळ! वर धडगावच्या डोंगरात उन्हाळ्यात हीच युक्ती कैरीवर चालते. सोलायची, फोडी करायच्या, वाळवायच्या, झाला आमचूर.

आता ही पथारी उचलून डेन्मार्कला नेली तर? मिरची चक्क सडेल. ऐन हिवाळ्यात कोपनहेगनला दिवस जेमतेम ७ तासांचा, आणि भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ११ अंशच वर. नंदुरबारला त्याच दिवशी तो ४५ अंशांवर असतो.

मग समुद्रातून खंडीभर येणारा हेरिंग मासा टिकवायचा कसा? मिठात. लाकडी पिंपात माशाचा थर, मिठाचा थर. मीठ माशातलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे जे ऊन करतं, तेच तिथं मीठ करतं, हे लक्षात आलं तेव्हा मी थक्क झालो. पुढं खारटपणा धुऊन हा मासा व्हिनेगर, साखर, कांदा, मिरी आणि तमालपत्रात मुरवतात. थोडक्यात, लोणचंच की!

ते खायचं राय नावाच्या धान्याच्या काळ्या, आंबवलेल्या पावावर. थंडीत, हलक्या जमिनीत गहू रुसतो तिथं राय येतं. पावाच्या पातळ कापावर आधी लोण्याचा जाड थर, म्हणजे वरच्या ओलाव्यानं पाव भिजत नाही. त्यावर मासा. वरून दुसरा पाव नाही. याला म्हणतात स्मोरेब्रोद, शब्दशः लोणी-पाव. शेतात बसून तळहातावर कळण्याची भाकरी आणि भाकरीवरच ठेचा घेणाऱ्या खानदेशी माणसाला यात नवल ते काय? ताट म्हणजेच जेवण.

डॅनिश लोक तिखटाला बिचकतात म्हणावं, तर त्यांच्या घराघरांतला लाडका पदार्थ आहे करी! डुकराच्या खिम्याचे गोळे, हळदीनं पिवळा झालेला दाट रस्सा, सोबत भात. तमिळनाडूतलं तरंगंबाडी बंदर १६२० ते १८४५ डेन्मार्ककडे होतं खरं, पण करी पावडर त्यांच्या डब्यात नेमकी कोणत्या वाटेनं शिरली, याच्या पैजा मी लावणार नाही. मिरची तरी कुठं मूळची आपली? तीही पोर्तुगिजांच्या जहाजातून आलेली.

येत्या २१ डिसेंबरला दुपारी साडेबाराला नंदुरबारच्या कुठल्याही अंगणात हातभर काठी उभी धरा. सावली हातभरच पडेल. कोपनहेगनच्या अंगणात माध्यान्हीला त्याच काठीची सावली पाच हात पडते.