आधी हिमनदी, मग जहाज

अलास्काच्या जलपर्यटनाची माहितीपत्रके चाळली की ‘हिमनदीचे दर्शन’ हे शब्द जवळजवळ प्रत्येकात आढळतात. सोबत निळसर बर्फाच्या कड्यासमोर उभ्या असलेल्या पांढऱ्याशुभ्र जहाजाचे छायाचित्र असते. प्रत्यक्षात या दोन शब्दांच्या आड बराच फरक दडलेला असतो. एखाद्या मार्गावर जहाज जवळजवळ संपूर्ण दिवस हिमनद्यांच्या सान्निध्यात काढते. एखाद्यावर अरुंद खाडीत शिरून थोड्याच वेळात माघारी वळते. काही मार्गांवर तर जहाजातून एकही हिमनदी जवळून दिसत नाही. बंदरावर उतरून, बसने जाऊन, तळ्यापलीकडची हिमनदी पाहावी लागते आणि माहितीपत्रकात तीही ‘दर्शना’तच मोडते. भारतातून एवढा लांबचा आणि खर्चिक प्रवास बहुतेक जण आयुष्यात एकदाच करतात. म्हणूनच जहाजावरील भोजनगृहे आणि करमणुकीचे कार्यक्रम पाहण्याआधी ते जहाज कोणत्या हिमनदीसमोर, किती वेळ थांबणार, हे पाहणे अगत्याचे ठरते.

समुद्राला मिळणारा बर्फ

हिमालयातील हिमनदी पाहायची तर तिच्यापर्यंत चढून जावे लागते. गंगोत्रीहून गोमुख गाठायला सुमारे १८ किलोमीटरची पायपीट करावी लागते आणि ते ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहे. अलास्कात मात्र काही हिमनद्या थेट समुद्रापर्यंत उतरतात. मोसमी वारे सह्याद्रीला अडून कोकणात धो धो पाऊस पडतो, त्याचप्रमाणे प्रशांत महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे अलास्काच्या किनाऱ्यालगतच्या उत्तुंग पर्वतांना अडतात आणि तेथे प्रचंड हिमवर्षाव होतो. वर्षानुवर्षे साचलेले हे हिम दाबाखाली घट्ट होऊन त्याचा बर्फ बनतो आणि स्वतःच्याच भाराने तो उताराकडे सरकू लागतो. हवामान थंड असल्याने पूर्णपणे वितळण्याआधीच तो खाडीच्या पाण्याला भिडतो.

घट्ट दाबल्या गेलेल्या या बर्फातील हवेचे बुडबुडे जवळजवळ नाहीसे झालेले असतात. प्रकाशातील तांबडा भाग असा बर्फ शोषून घेतो आणि निळा भाग बाहेर येतो. त्यामुळे हिमनदीचा कडा निळा दिसतो. ढगाळ दिवशी हा निळा रंग अधिक गडद भासतो, तेव्हा आभाळ भरून आले म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही. पाण्याने पाया पोखरला गेला की कड्याचे मोठमोठे खंड ढासळून समुद्रात कोसळतात. त्या आवाजाला तेथील त्लिंगिट आदिवासी ‘पांढरी मेघगर्जना’ म्हणतात. पर्यटक हजारो मैलांवरून येतात ते मुख्यतः हा क्षण अनुभवण्यासाठी. अलास्कात हिमनद्या हजारोंनी असल्या तरी समुद्राला मिळणाऱ्या हिमनद्या फार थोड्या आहेत, आणि मोठी जहाजे जातात अशा तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच.

दोन प्रमुख मार्ग

अलास्काच्या आठवडाभराच्या सफरी ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात जहाज अमेरिकेतील सिअ‍ॅटल किंवा कॅनडातील व्हँकुव्हर येथून निघून अलास्काच्या आग्नेय भागातील बंदरे करते आणि निघाल्या ठिकाणी परतते. दुसऱ्या प्रकारात व्हँकुव्हरहून निघालेले जहाज अलास्काचे आखात ओलांडून थेट सेवर्ड किंवा व्हिटियर या बंदरात प्रवास संपवते, किंवा याच्या उलट दिशेने येते. परतीचा पाण्यातील प्रवास वाचल्याने या एकेरी सफरीत उत्तरेकडील हिमनद्यांसाठी अधिक वेळ मिळतो. बर्फ हेच मुख्य आकर्षण असेल, तर सामान्यतः एकेरी मार्ग उजवा ठरतो. मात्र त्यात येण्याजाण्याची विमानतिकिटे वेगवेगळ्या शहरांची काढावी लागतात व खर्च वाढतो.

सिअ‍ॅटलची फेरी सोयीची खरी. पण तेथून निघणारी जहाजे सहसा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, खुल्या समुद्रातून जातात. तेथे जहाज हेलकावे खाण्याचा संभव अधिक. व्हँकुव्हरहून निघणारे जहाज बेटांच्या आडोशाने शांत पाण्यातून उत्तरेकडे सरकते. सिअ‍ॅटलच्या सफरीत बहुधा शेवटच्या संध्याकाळी कॅनडातील व्हिक्टोरियाचा थांबा असतो, त्यामागे १८८६ चा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाला प्रवासी घेऊन केवळ अमेरिकी बंदरांचीच फेरी करता येत नाही. वाटेत परदेशी बंदर घ्यावे लागते. भारतीय पारपत्रधारकांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की कोणताही मार्ग निवडला तरी अमेरिकेबरोबर कॅनडाच्या व्हिसाचीही तजवीज आधीच करावी लागते.

ग्लेशियर बे : संपूर्ण दिवसाचा मुक्काम

हिमदर्शनासाठी सर्वाधिक नावाजलेले ठिकाण म्हणजे ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यान. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतील दर्यावर्दी येथे आले, तेव्हा आजच्या खाडीच्या जागी बर्फाची भिंत उभी होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर पोहोचले, तोवर ती ६० किलोमीटरहून अधिक मागे सरकली होती; १९१६ पर्यंत ही माघार सुमारे १०५ किलोमीटरवर गेली. हिमनद्यांच्या माघारीचा इतका जुना आलेख क्वचितच कोठे उपलब्ध असेल.

येथे दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या जहाजांना प्रवेश मिळतो. हॉलंड अमेरिका, प्रिन्सेस, नॉर्वेजियन अशा मोजक्या कंपन्यांच्या ठरावीक सफरींनाच हा परवाना असतो, म्हणून कंपनीच्या नावावर न जाता त्या विशिष्ट सफरीत ग्लेशियर बे आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी. उद्यानाचे वनाधिकारी जहाजावर येऊन माहिती सांगतात. जहाज बंदराला लागत नाही. दिवसभर खाडीतच फिरते. मार्जरी हिमनदीसमोर ते बराच वेळ थांबते आणि सर्व बाजूंच्या प्रवाशांना पाहता यावे म्हणून जागच्या जागी वळते. सुमारे दीड किलोमीटर रुंदीचा हा कडा पाण्यावर पंचवीस मजली इमारतीएवढा उंच आहे. शेजारच्या जॉन्स हॉपकिन्स खाडीत मात्र सीलच्या पिलांना उपद्रव होऊ नये म्हणून मे ते ऑगस्ट या काळात मोठ्या जहाजांना मज्जाव असतो.

हबार्ड : भव्य, पण बेभरवशाची

आकाराने थक्क करणारी हिमनदी पाहायची असेल, तर याकुतात उपसागरालगतची हबार्ड. तिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर असून समुद्रालगतचा कडा सुमारे १० किलोमीटर रुंद आहे. जगातील बहुसंख्य हिमनद्या माघार घेत असताना ही शतकाहून अधिक काळ पुढे सरकत आली आहे. १९८६ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये तिने शेजारच्या रसेल खाडीचे तोंडच बंद केले होते आणि खाडीचे काही काळ सरोवर झाले होते.

तिच्यासमोरच्या पाण्याला ‘डिसएनचँटमेंट बे’, म्हणजे भ्रमनिरासाची खाडी, असे नाव आहे. १७९१ मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी मालास्पिना अटलांटिककडे जाणारा जलमार्ग शोधत येथे आला आणि बर्फाने वाट अडवल्याने परतला. आजच्या पर्यटकाच्या वाट्यालाही कधीकधी तेच येते. तरंगत्या हिमखंडांची दाटी झाली किंवा धुके उतरले, तर कप्तान जहाज बरेच दूर थांबवतो. विशेषतः मोसमाच्या प्रारंभी हा धोका अधिक. ग्लेशियर बे एक दिवस देते; हबार्ड साधारणपणे काही तास देते. दोन्ही एकाच सफरीत असतील तर उत्तमच.

अरुंद खाड्या आणि कोसळते कडे

जूनोच्या दक्षिणेस ट्रेसी आर्म आणि एंडिकॉट आर्म या उभ्या कड्यांमधील दोन अरुंद खाड्या आहेत. पहिलीच्या टोकाला सॉयर हिमनद्या, तर दुसरीच्या टोकाला डॉज हिमनदी आहे. निसर्गसौंदर्यात ट्रेसी आर्म वर्षानुवर्षे पहिल्या पसंतीची होती. मात्र १० ऑगस्ट २०२५ रोजी साउथ सॉयर हिमनदीजवळ डोंगराची प्रचंड दरड समुद्रात कोसळून त्सुनामी उसळली. समोरच्या कड्यावर पाणी सुमारे ४७० मीटर उंचीपर्यंत चढले. ही घटना भल्या पहाटे घडली, खाडीत त्या वेळी मोठे जहाज नव्हते, म्हणून अनर्थ टळला. हिमनदी मागे हटली की डोंगराच्या कुशीला मिळणारा बर्फाचा टेकू नाहीसा होतो. अशा दरडींमागील हे एक प्रमुख कारण मानले जाते. या घटनेनंतर जहाज कंपन्या ट्रेसी आर्मऐवजी एंडिकॉट आर्मकडे वळू लागल्या. जुनी प्रवासवर्णने वाचून मार्ग ठरवणाऱ्यांनी हा बदल ध्यानात घ्यायला हवा.

व्हिटियरच्या बाजूला असलेल्या कॉलेज फियॉर्डमध्ये हार्वर्ड, येल आदी विद्यापीठांची नावे मिळालेल्या हिमनद्या शेजारी शेजारी दिसतात. १८९९ च्या हॅरिमन मोहिमेतील मंडळींनी ही नावे दिली. मार्गात हे ठिकाण असल्यास जमेची बाजू. त्याच्याच भरवशावर मात्र सफर निवडू नये.

महिना, बाजू आणि छोट्या नौका

हंगाम साधारणपणे एप्रिलअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत चालतो. मे व जूनच्या पूर्वार्धात आग्नेय अलास्कात पाऊस तुलनेने कमी असतो. परंतु खाड्यांत हिमखंड अधिक असू शकतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊब अधिक आणि गर्दीही अधिक. सप्टेंबरमध्ये दर उतरतात, पाऊस वाढतो.

खोली जहाजाच्या डाव्या बाजूची घ्यावी की उजव्या, यावर बरीच चर्चा होते. हिमनदीसमोर जहाज वळवले जात असल्याने तिला फारसे महत्त्व नाही. सज्जाच्या खोलीचे जादा पैसे देण्यापेक्षा भल्या सकाळी पुढच्या उघड्या डेकवर जागा धरणे आणि जवळ वाऱ्या-पावसाचे कपडे व दुर्बीण ठेवणे अधिक उपयोगाचे. जहाज कड्यापासून अर्ध्या किलोमीटरवर असेल, तर आवाज सुमारे दीड सेकंद उशिरा पोहोचतो. आवाज ऐकून मान वळवणाऱ्याला अनेकदा उसळलेले पाणी तेवढे दिसते, म्हणून नजर कड्यावरच खिळवून ठेवावी.

ज्यांना आणखी जवळ जायचे आहे, त्यांनी एकेरी सफर सेवर्ड किंवा व्हिटियरला संपवून तेथे एक दिवस राखून ठेवावा. दोन्ही बंदरांतून छोट्या नौका दिवसभराच्या सफरीवर हिमनद्यांपर्यंत नेतात. सेवर्डहून जाणाऱ्या नौका केनाई फियॉर्ड्स राष्ट्रीय उद्यान दाखवतात.

सफरीचे पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत : हिमनदीचे नेमके नाव काय, जहाज तिच्यासमोर किती वेळ थांबणार, ती जहाजातूनच दिसणार की वेगळे शुल्क भरून जावे लागणार, आणि तेथे जाता आले नाही तर पर्याय कोणता. बर्फाचा नकाशा कायम राहत नाही, याचा दाखला ग्लेशियर बेमध्येच आहे. १८८० च्या दशकात आगबोटी भरून पर्यटक येथे येत, ते म्यूर हिमनदी पाहण्यासाठी. १८९९ च्या भूकंपात तिचा कडा फुटला, खाडी हिमखंडांनी भरली आणि बोटी येईनाशा झाल्या. पुढे ती सतत मागे सरकत गेली आणि १९९० च्या दशकात समुद्र सोडून जमिनीवर गेली. एके काळी ज्या हिमनदीसाठी जग लोटत होते, तिचे आज एकाही मोठ्या जहाजातून दर्शन होत नाही.