नोंदवहीतील आकडे आणि इतिहास

अमेरिकेतील महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाची कारकीर्द १९९६ पूर्वी तीन आकड्यांत मांडली जात असे : विजय, पराभव आणि बरोबरी. लुइझियाना राज्यातील ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचे आकडे आहेत ४०८, १६५ आणि १५. ते १९४१ साली रुजू झाले आणि १९९७ साली निवृत्त झाले. १९८५ मध्ये त्यांनी बेअर ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मागे टाकला.

त्यांचे प्रतिस्पर्धी तुलनेने दुबळे होते, असा आक्षेप घेतला जातो. परंतु वर्णभेदाच्या काळात दक्षिणेतील गोऱ्यांच्या बलाढ्य महाविद्यालयांशी खेळण्याचा मार्गच बंद होता. ज्याला मैदानात पाऊल ठेवू दिले नाही, त्याला तेथे न जिंकल्याचा दोष कसा द्यावा?

उत्तर त्यांच्या विद्यार्थ्यांनी दिले. दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. त्यांपैकी डग विल्यम्स १९८८ साली सुपर बोल जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरले.

म्हणून कोणताही विक्रम वाचताना आधी विचारावे : मैदान सर्वांना खुले होते काय?