टिनटिनचा अग्निबाण आणि शाळेतले एक सूत्र



मागे एकदा पदार्थविज्ञानाच्या तासाला मी वजनरहित अवस्था समजावून देत होतो. अपोलो यानातील अंतराळवीर तरंगत होते, असे म्हणताच मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, टिनटिनच्या अग्निबाणात तर सगळे जण जमिनीवर चालतात!" वर्ग हसला. "चित्रकथेतले विज्ञान तसेच असायचे," असे म्हणून मी त्याला खाली बसवले. संध्याकाळी पुतण्याकडून ते पुस्तक मागून आणले, कागद-पेन्सिल घेऊन आकडे मांडले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मला कबूल करावे लागले की घाई माझीच झाली होती. तो हिशेब आज तुमच्यापुढे ठेवतो.

पुस्तकाचे नाव 'डेस्टिनेशन मून'. बेल्जियमचे चित्रकार एर्जे यांची ही चित्रकथा १९५० पासून फ्रेंच भाषेतील एका साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली आणि १९५३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. पहिला स्पुटनिक उपग्रह उडाला तो १९५७ साली, हे येथे ध्यानात घ्या. टिनटिन व कॅप्टन हॅडॉक हे सिल्डाव्हिया नावाच्या काल्पनिक देशात जातात. तेथे प्रोफेसर कॅल्क्युलस चंद्रावर जाणारा अग्निबाण बांधत असतात. गंमत अशी की, या पहिल्या भागात अग्निबाण उडतो तो थेट शेवटच्या काही पानांत. बाकीचे पुस्तक तयारीचेच आहे: आराखडे, चाचण्या, हेरांची कारस्थाने. प्रत्यक्ष प्रवास 'एक्सप्लोरर्स ऑन द मून' या १९५४ च्या दुसऱ्या भागात येतो. तेथेच मंडळी यानात चालताना दिसतात. पण त्याचे कारण पहिल्या भागातच सांगून ठेवलेले आहे.

ते कारण म्हणजे इंजिन. या अग्निबाणाला दोन इंजिने आहेत. उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी रासायनिक इंधनाचे, आणि मधल्या प्रवासात अणुशक्तीचे. हे अणुइंजिन वाटेत बंद होत नाही. अर्धी वाट यानाचा वेग वाढत राहतो. मग यान उलटे फिरते आणि उरलेली अर्धी वाट तेच इंजिन वेग कमी करत राहते.

आता लिफ्ट आठवा. ती वर निघते त्या क्षणी आपण किंचित जड होतो, कारण लिफ्टची जमीन आपल्या पायांना वर रेटते. अग्निबाणाचे इंजिन सतत चालू असेल, तर त्याचीही जमीन आतल्या माणसांना सतत रेटत राहील. त्वरण दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतके ठेवले, तर घरातल्यासारखेच वजन जाणवेल. अपोलोचे इंजिन बहुतेक वाट बंद होते. यान आणि माणसे दोन्ही एकाच त्वरणाने गुरुत्वाकर्षणाखाली जात होती, म्हणून माणसे तरंगत होती. तेथे गुरुत्वाकर्षण नव्हते असे मुळीच नाही. दुसऱ्या भागात अणुइंजिन चुकून बंद पडते, तेव्हा टिनटिनची मंडळीही तरंगू लागतात. म्हणजे गोष्ट नियमाला धरूनच आहे.

मग अपोलोने इंजिन चालूच का ठेवले नाही? येथे शाळेतले सूत्र कामाला येते: स्थिर अवस्थेतून निघाल्यास अंतर = ½ × त्वरण × काळाचा वर्ग. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. अर्धी वाट १,९२,००० किलोमीटर. पृथ्वीची व चंद्राची ओढ हिशेबापुरती बाजूला ठेवू. त्वरण ९.८ धरले तर काळ येतो ६,२६० सेकंद, म्हणजे पावणेदोन तासांच्या आत. पूर्ण प्रवास फक्त साडेतीन तासांचा! अपोलो-११ ला १९६९ साली चंद्राच्या कक्षेत शिरायला सुमारे ७६ तास लागले.

पण किंमत पाहा. मध्यावर टिनटिनच्या यानाचा वेग सेकंदाला ६१ किलोमीटर होतो, आणि तो सगळा पुन्हा घालवायचा असतो. वेगातील एकूण बदल झाला सेकंदाला १२२ किलोमीटर. रशियन शिक्षक त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणावरून असे निघते की, मागे फेकलेल्या वायूच्या वेगाच्या सुमारे ०.७ पट वेग मिळवायचा, तर यानाचे निम्मे वस्तुमान इंधन म्हणून खर्ची पडते. उत्तम रासायनिक इंजिनाचा वायू सेकंदाला सुमारे ४.५ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. म्हणजे दर ३.१ किलोमीटरला निम्मे! असे जवळजवळ ४० वेळा निम्मे करावे लागेल. बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाच्या दाण्यांची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. २ चा ४० वा घात म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी. एक टन यान चंद्रापर्यंत पोचवायला इतके टन वजन घेऊन निघावे लागेल!

अणुइंजिनाने काम भागेल काय? १९६० च्या दशकात अमेरिकेने नेवाडाच्या वाळवंटात अशी इंजिने खरोखर जमिनीवर चालवून पाहिली. अणुभट्टीत तापवलेला हायड्रोजन सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने बाहेर पडे. तरीही २२ वेळा निम्मे करावे लागते; एका टनामागे सुमारे ४२ लाख टन. वायूचा वेग आणखी वाढवायचा तर तो आणखी तापवायला हवा, आणि मग इंजिनच वितळू लागते. एर्जे यांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून त्यांचे कॅल्क्युलस प्रचंड उष्णता सोसणारा 'कॅल्क्युलॉन' नावाचा पदार्थ शोधून काढतात. कल्पनेची मोठी उडी आहे ती येथे. जमिनीवर चालणाऱ्या माणसांत नाही.

तेव्हा विज्ञानकथा वाचताना "हे खरे की खोटे?" एवढ्यावर थांबू नका. लेखकाने काय गृहीत धरले आणि त्यापुढे नियम पाळले का, हे तपासा. आणि शिक्षकमित्रहो, मागच्या बाकावरच्या प्रश्नाला हसण्यापूर्वी एकदा आकडे मांडून पाहा.

जाता जाता एक गणित. त्वरण शंभराव्या भागाइतके ठेवले, तर त्याच अंतराला किती पट काळ लागेल, आणि मध्यावरचा वेग किती होईल? वरील सूत्रानेच करून पाहा. पहिले उत्तर दहा पट आले, तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात.