भिंग धरणारे हात

माक्स बाल्डेवेग यांनी १९०८ साली ड्रेस्डेनमध्ये ‘बाल्डा’ हा कॅमेऱ्यांचा कारखाना सुरू केला. झाइस इकॉनसारख्या बड्या कंपनीपुढे तो लहानच. भिंगं गोर्लिट्झच्या मायरसारख्यांकडून यायची, कॉम्पुर शटर म्युनिकच्या डेकेलकडून. मग बाल्डाचं स्वतःचं काय? १९३०च्या दशकातला घडीचा ‘बाल्डॅक्स’ कॅमेरा उघडला की ते दिसतं.

बटण दाबून झाकणावर अंगठा ठेवायचा आणि ते सावकाश उघडू द्यायचं. पत्र्याचे बारीक दांडे सरळ होतात, चामड्याचा भाता ताणला जातो आणि भिंग खटकन जागेवर बसतं. झटक्यात उघडला तर भाता हवा ओढतो आणि तिच्याबरोबर फिल्मही पुढे फुगते. म्हणून फिल्म पुढे सरकवायची ती कॅमेरा उघडल्यानंतरच.

भिंग फिल्मला अगदी समांतर उभं राहायला हवं. मी ते असं पाहतो: मागचं झाकण काढून फिल्मच्या रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवायचा, शटर उघडं ठेवायचं आणि कॅमेरा लांबच्या इमारतींवर रोखायचा. कागदावर उलटी प्रतिमा उमटते. चारही कोपरे सारखेच रेखीव दिसले तर दांडे शाबूत आहेत. एक बाजू पुसट दिसली तर दांडा वाकलाय किंवा रिव्हेट सैल झालीय. काही दशांश मिलिमीटरचा फरकही लपत नाही.

मग भाता. अंधाऱ्या खोलीत आत छोटा टॉर्च धरून तो घडीघडीने पाहायचा. भोकं बहुतेक कोपऱ्यांतच सापडतात, कारण घडीचा सगळा ताण तिथेच येतो.

पाठीवर दोन लाल खिडक्या आहेत. १२० फिल्मच्या कागदावरचे आकडे ६×९ सेंटिमीटरच्या आठ फोटोंसाठी असायचे. तोच आकडा आधी एका खिडकीत, मग दुसरीत आणायचा की त्याच रिळात ४.५×६चे सोळा फोटो बसतात. बेताच्या पैशांत फोटो काढणाऱ्याला याचं मोल कळायचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्डेवेग यांनी वेस्टफालियातल्या ब्युंडे गावी कारखाना पुन्हा उभारला आणि तिथेही घडीचे कॅमेरे बनत राहिले.

असा कॅमेरा घेणारे आधी भिंगावरचं नाव वाचतात. मी म्हणेन, आधी दांडे तपासा. उत्तम भिंगही त्यांच्याच भरवशावर उभं असतं, आणि लहान कारखान्याचं खरं कसब तिथेच लागलेलं आहे.