पेरूतली अळी येते कुठून?

श्रावणातला पेरू दिसायला मोठा देखणा असतो. पावसानं टपोरा झालेला, साल तुकतुकीत, कुठे भोक नाही की डाग नाही. आणि सुरी लावावी तर आतला गर तपकिरी, लिबलिबीत, नि त्यात वळवळणाऱ्या पांढुरक्या अळ्या! परसात पेरूचं झाड असलेल्या बहुतेक घरांना हा अनुभव असतो. मग कुणीतरी म्हणतं, "पेरू आतूनच किडतो." आमच्या वर्गातल्या मुलांचंही हेच मत होतं. भोकच नाही तर अळी बाहेरून आत शिरणार कशी, हा त्यांचा प्रश्न वरवर तरी बिनतोड होता.

मांसात अळ्या आपोआप उपजत नाहीत, माश्यांनी घातलेल्या अंड्यांतून त्या निघतात, हे इटलीतल्या फ्रान्चेस्को रेडी यांनी 1668 साली प्रयोगानं दाखवलं. काही बरण्यांची तोंडं त्यांनी उघडी ठेवली, काहींवर जाळीदार कापड बांधलं. कापड बांधलेल्या बरण्यांतल्या मांसात अळ्या झाल्या नाहीत. हाच प्रयोग पेरूवर का करू नये? झाडावरची लिंबाएवढी, हिरवीकच्च फळं निवडायची. निम्म्या फळांवर पातळ कापडाच्या ढगळ पिशव्या चढवून देठाशी दोरीनं आवळायच्या, उरलेली तशीच ठेवायची. पिशवी फळाला घट्ट चिकटता कामा नये. त्याचं कारण पुढे येईलच.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा. मोठ्या तोंडाच्या बरणीत दोन-तीन इंच किंचित ओलसर वाळू घाला, तिच्यावर किडका पेरू ठेवा, तोंडाला मलमल बांधा आणि बरणी सावलीत ठेवून द्या. काही दिवसांत पूर्ण वाढलेल्या अळ्या पेरूतून बाहेर पडतात आणि चक्क उड्या मारतात! अळी आपलं शरीर वाकवून डोकं नि शेपटी जवळ आणते आणि ताणलेली स्प्रिंग सुटावी तशी उडते. मुलं हा खेळ तासन्‌तास बघतात. मग अळ्या वाळूत शिरतात. वाळू चाळली की तांबूस-तपकिरी दाणे मिळतात. हे त्यांचे कोष. साधारण दहा-बारा दिवसांनी कोषांतून माश्या निघतात. घरमाशीएवढ्याच, पण पिवळसर-तपकिरी, पारदर्शक पंखांच्या. ही फळमाशी. पेरू, आंबा, चिकू, अशा कितीतरी फळांवर ती येते. (बघून झाल्यावर बरणी बंद ठेवूनच कडक उन्हात ठेवावी. माश्या मोकळ्या सोडू नयेत.)

आता भोकाचं कोडं सुटतं. मादीच्या पोटाच्या टोकाला सुईसारखं अंग असतं. पिकायला लागलेल्या फळाच्या सालीत ते खुपसून ती आत अंडी घालते. टोचल्याची खूण इतकी बारीक असते, की भिंगाशिवाय नजरेस पडत नाही. पिशवी सालीला चिकटली असेल तर कापडातूनही ती टोचू शकते. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. म्हणजे अळी आत शिरतच नाही, ती आतच जन्मते. मुलांचं म्हणणं अर्धं खरं होतं!

हे कळलं की पुढची एक गोष्ट आपोआप कळते. अळी गरात सुरक्षित असते, त्यामुळे सालीवर उडवलेलं औषध तिच्यापर्यंत फारसं पोचत नाही. आम्हाला हे जरा उशिरा कळलं. झाड नवं असताना पहिल्याच पावसाळ्यात आम्ही एका दुकानदाराच्या सल्ल्यानं कीटकनाशक आणलं आणि दोनदा फवारलं. पेरू किडायचे ते किडलेच. शिवाय त्याच झाडाखाली मुलं खेळत होती आणि पडलेला पेरू न धुता खात होती. त्या वेळी हे आमच्या डोक्यात कसं आलं नाही, याचं आज नवल वाटतं.

पुढे दिवाळीच्या सुमारास फांद्यांवर पांढरा कापूस धरल्यासारखा दिसू लागला. पिठ्या ढेकूण. आधीही तो थोडाफार असायचाच, पण आता पानांची खालची बाजू, देठ, फळांच्या बुडाचा खळगा, सगळीकडे तो पसरला. त्याच्या गोड चिकट स्रावावर काळी बुरशी वाढली आणि पानं काजळी लागल्यासारखी दिसू लागली. असं का व्हावं? पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे पुष्कळशी औषधं त्याला नीट लागत नाहीत. त्याला खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपाच्या अळ्या मात्र उघड्यावर हिंडतात, त्या पहिल्या मरतात. शिवाय भक्ष्य वाढल्यावरच भक्षक वाढू शकतो, त्यामुळे त्याची संख्या सावरायला वेळ लागतो. मधल्या काळात किडीला रान मोकळं!

कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या बागांत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं होतं. तिथल्या एका खवले किडीवर 1888-89 मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ढालकिड्यानं मात केली होती. 1940च्या दशकात बागांवर डीडीटी फवारलं गेलं, ढालकिडे मेले आणि ती कीड पुन्हा उसळली.

आमची खरी चूक मात्र पुढची. औषध नको म्हणून आम्ही मुलांच्या मदतीनं पिठ्या ढेकूण हातानं चिरडायला बसलो. त्यांत काही मोठे, लांब पांढऱ्या झुपक्यांचे 'ढेकूण' होते. ते भराभर चालत. मोठे म्हणून आधी तेच चिरडले. नंतर चित्र पाहिलं आणि कपाळावर हात मारला. ती क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी होती. पिठ्या ढेकणाचा हा शत्रू 1898 साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याच्या अळीचं रूप थेट भक्ष्यासारखं असतं! ओळखायची खूण सोपी आहे: पिठ्या ढेकूण एका जागी चिकटून असतो किंवा अगदी सावकाश सरकतो, आणि ही अळी शोधक्यासारखी धावते. आता मुलांना आम्ही आधी पाच मिनिटं नुसतं बघायला सांगतो.

झाडावर चढउतार करणाऱ्या मुंग्यांकडेही लक्ष द्यावं. गोड स्रावासाठी त्या पिठ्या ढेकणांची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. खोडाला जाड कागदाचा पट्टा गुंडाळून त्यावर ग्रीस लावलं की मुंग्यांची वाट बंद होते. पट्ट्याखाली भेग राहू देऊ नये, आणि भिंतीला टेकलेली फांदी असेल तर ती छाटावी, नाहीतर मुंग्या तिकडून येतात.

परत फळमाशीकडे येऊ. पिशव्यांचा उपाय घरच्या झाडाला पुरेसा आहे. हात पोचेल तेवढ्या फळांना पिशव्या घालाव्यात, शेंड्याकडची पोपटांना आणि खारींना सोडून द्यावीत. दुसरा उपाय हंगामाचा. पेरूला वर्षातून एकाहून जास्त बहार येतात. आंबे बहाराची फळं पावसाळ्यात येतात नि सगळ्यांत जास्त किडतात. मृग बहाराची थंडीत येतात, ती बरीचशी निर्मळ असतात आणि चवीलाही उजवी. म्हणून उन्हाळ्यात मोठ्या झाडाचं पाणी तोडतात, किंवा एप्रिल-मेमधली फुलं खुडून टाकतात.

तिसरा उपाय तुळशीपाशी आहे. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे नर धाव घेतात, हे त्यांनी 1912 साली नोंदवलं. त्यातलं ओढून घेणारं द्रव्य मिथिल युजेनॉल, हे पुढच्या काही वर्षांत त्यांनी दाखवलं. हेच द्रव्य तुळशीतही असतं. तुळशीची मूठभर पानं चुरगाळून सकाळी पेरूच्या झाडाखाली ठेवा, झाडावर फळमाशी असेल तर बहुधा नर येऊन बसलेले दिसतील. आंबा बागायतदारांच्या परिचयाचा कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा याच तत्त्वावर चालतो. आंब्याच्या बाबतीत ही माशी किती महाग पडते पाहा: फळमाशीच्या भीतीनं जपाननं 1986 ते 2006 अशी वीस वर्षं भारतीय आंबा घेतला नव्हता.

पण सापळ्यात सापडतात ते नर, आणि फळ टोचते ती मादी. एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे निम्मे नर मारले तरी माद्यांचं काही अडत नाही, जवळजवळ सगळेच मारावे लागतात. पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर 1960च्या दशकात ते जमलं, कारण बेटाबाहेरून माश्या येत नव्हत्या. आपल्या घरी मात्र शेजारच्या परसातून, आधीच नराशी मिलन झालेली मादी कुंपण ओलांडून येते. तेव्हा सापळा लावायचा तर सगळ्या आळीनं.

शेजाऱ्यांशी बोलण्यासारखा आणखी एक विषय म्हणजे पडलेली फळं. ती झाडाखाली कुजू दिली की अळ्या तिथल्याच मातीत कोष करतात. रोजच्या रोज गोळा करून दीड-दोन फूट खोल पुरावीत, किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवावीत. नुसती खतखड्ड्यात टाकू नयेत. हवाई बेटांवर यासाठी जाळीचा बंद तंबू वापरतात. जाळीची भोकं अशी, की फळमाशी आत अडकते, पण तिच्या अळ्यांवर जगणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या बाहेर निसटतात.

आपल्या बरणीतही कधीकधी कोषांतून माशीऐवजी लांब मिशांची, बारीक कमरेची अशी गांधीलमाशी निघते. मागच्या पावसाळ्यात आमच्या बरणीत अशा तीन निघाल्या. मलमलीची एक कड उचलून मुलांनी त्या तेवढ्या पेरूच्या झाडाखाली सोडून दिल्या.